जोरात बसलेलं लँडिंग लिहून ठेवू द्या

प्रति,
राज्यातल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांचे चालक, मुख्य प्रशिक्षक आणि प्रशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी विमान देखभाल अभियंता होतो. निवृत्त होऊन आता पुण्यात, विश्रांतवाडीत राहतो. लोहगावहून सुखोई उठलं की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि मी हातातला कप खाली ठेवून अजूनही गॅलरीत जातो. उभी नोकरी विमानांखाली पाठीवर पडून, टॉर्चच्या उजेडात गेली. त्यातली बरीच वर्षं एका इंजिनाच्या लहान शिकाऊ विमानांवर काढली. त्या हक्काने हे पत्र लिहितो आहे. उघड लिहितो आहे, कारण जे सांगायचं आहे, म्हणजे जोरात बसलेली लँडिंग आपल्याकडे नोंदवली जात नाहीत, ते खासगीत तुम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही काही बदललेलं नाही.

आधी घडलेली गोष्ट सांगतो. संस्थेचं आणि गावाचं नाव घेत नाही. नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटल्यासारखे होतात.

एप्रिल महिना होता. लहान धावपट्टी, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला माळ. शुक्रवारी सकाळी साडेआठच्या सुमारास एक मुलगी सोलो सर्किट, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय एकटीने मैदानाभोवती फेरी, करून उतरत होती. मी हँगरच्या दारात उभा होतो, त्यामुळे तिचं लँडिंग मी पूर्ण पाहिलं. आजही शपथेवर सांगेन की ते चांगलं लँडिंग होतं. वेग बेताचा, नाक थोडं वर, मागची दोन्ही चाकं अलगद टेकली. मग नाक हळूहळू खाली आलं, पुढचं चाक जमिनीला लागलं आणि त्या चाकाचा पायच दुमडला. पंखा डांबरावर आपटला तो आवाज कानातून जात नाही. विमान नाकावर घासत डावीकडे वळलं, धावपट्टी सोडून मातीत गेलं आणि शेपूट वर करून थांबलं.

आम्ही धावलो. उसातून तीन-चार शेतकरीही धावत आले. त्यातल्या एकाच्या तोंडात बिडी होती. पंखातून इंधनाचे निळे थेंब मातीत ठिबकत होते. एव्हगॅस निळं असतं, वाऱ्यावर त्याची वाफ लगेच पसरते. मी त्या माणसावर ओरडलो, एवढा की नंतर त्याची माफी मागावी लागली. मुलगी आत बसून होती. कपाळातून रक्त येत होतं, मनगट सुजलं होतं, आणि तरी तिने मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रं, बंद केले होते, इंधनाचा खटका बंद केला होता, मास्टर स्विच बंद केला होता. तिला उतरवून बाजूला बसवलं तेव्हा तिने मला पहिला प्रश्न विचारला, "काका, माझं काय चुकलं?"

पुढचे सहा दिवस ती हेच विचारत राहिली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील एसटीने आले. जमीन गहाण टाकून फी भरलेला माणूस. त्यांनी मुलीची मलमपट्टी पाहिली, मग माती लागलेलं विमान पाहिलं आणि याचे पैसे आपल्याला भरावे लागतील का, एवढंच विचारलं. तोपर्यंत मेसमध्ये, व्हॉट्सॲपवर, गावातल्या टपरीवर एकच वाक्य फिरत होतं : पोरीने विमान मोडलं.

विमान उचलून हँगरमध्ये आणल्यावर मी खालचं काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं पत्र्याचं झाकण, काढलं. लहान विमानं ज्यांनी उघडली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सेसना १५२ किंवा १७२ सारख्या विमानात मागच्या चाकांचे पाय पोलादी स्प्रिंगसारखे लवचिक असतात. ते बरंच सोसतात. पुढच्या चाकाचं तसं नाही. त्याचा पाय इंजिनामागच्या भिंतीच्या, म्हणजे फायरवॉलच्या, आधाराने उभा असतो आणि ती भिंत पातळ पत्र्याची असते. पुढचं चाक विमानाचं वजन झेलायला नाही, जमिनीवर दिशा द्यायला आहे. विमान नाकावर आदळलं की तो धक्का थेट त्या पत्र्यात जातो. पत्र्याला सुरकुत्या पडतात, रिव्हेट ढिले होतात, आधाराच्या कंसाला, म्हणजे ब्रॅकेटला, केसाएवढी भेग जाते. बाहेरून विमान ठणठणीत दिसतं.

त्या विमानाचा कंस तुटला होता, आणि तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत होता तर अर्धा काळा. चकचकीत भाग त्या सकाळी तुटलेला. काळ्या भागात इंजिनाचं तेल आणि धूळ मुरलेली होती. ती भेग आधीच पडली होती. फायरवॉलच्या खालच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्यांवर रंगाचे पोपडे सुटून त्यातही धूळ बसली होती. टेक लॉगची, म्हणजे विमानातले बिघाड लिहायच्या वहीची, मागची पानं मी तीन वेळा चाळली. हार्ड लँडिंगची एकही नोंद नव्हती. सगळीकडे एकच शब्द होता : निल. स्नॅग, म्हणजे बिघाड, नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी एक मुलगा हँगरमध्ये आला. दिवे घालवायची वेळ झाली होती. बराच वेळ टूल ट्रॉलीपाशी उभा राहिला आणि मग म्हणाला, "काका, मंगळवारी दुपारी ते विमान माझ्याकडे होतं. दोनदा उसळलं. नाकावर बसलं. मी सरांना सांगितलं होतं."

सर काय म्हणाले?

"म्हणाले, उतरलास ना? मग विसर. लिहू नकोस, विमान अडकेल. उद्या पाच जणांच्या सॉर्टी आहेत." सॉर्टी म्हणजे एक उड्डाण.

त्या मुलाची चूक काय होती, तेही समजून घ्या. आपल्याकडची कितीतरी मैदानं दख्खनच्या पठारावर आहेत, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास. चाळीस अंशांच्या दुपारी तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. मीटरवर ६५ नॉट दिसत असले तरी हवेतून विमान सत्तरच्या वेगाने जात असतं. जमीन नेहमीपेक्षा जोरात मागे पळते, तापलेल्या मातीवरून येणारे झोत विमानाला वर-खाली करतात, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक घडीघडीला फिरतो. विमान कोसळेल या भीतीने मुलगा ६५ ऐवजी ७५ ठेवून आला. दहाच नॉट जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे त्याला एक तृतीयांश जास्त ऊर्जा धावपट्टीवर जिरवायची होती. विमान टेकेना, तरंगत राहिलं. धावपट्टी संपत आली म्हणून त्याने नाक दाबलं. पुढचं चाक आधी लागलं, विमान उसळलं, त्याने पुन्हा दाबलं, ते पुन्हा उसळलं. हात आणि विमान यांचा ताल एकदा चुकला की दर उसळीला धक्का वाढत जातो. पहिल्या उसळीला थ्रॉटल पूर्ण पुढे करून पुन्हा फेरी मारायची, हे त्याला शिकवलेलं होतं. मी विचारलंही. तो म्हणाला, "गो-अराउंड केलं की ब्रीफिंगला सगळ्यांसमोर विचारतात, का केलं म्हणून."

वीस वर्षांचा मुलगा. विमानाला धोका होता हे त्याला कळत होतं, पण त्याला जास्त भीती ब्रीफिंगची वाटली.

इथे मला माझं लहानपण आठवतं. माझं बालपण हडपसरला गेलं. शाळा सुटली की सायकल काढून आम्ही ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणाशी जायचो. विंचचा दोर ताणला जायचा, ग्लायडर पतंगासारखं चढायचं, वर जाऊन दोर सोडायचं आणि मग नुसता वाऱ्याचा आवाज. त्या मैदानाच्या चहूबाजूंनी आता इमारती झाल्या आहेत, तेव्हा नजर जाईल तिथवर मोकळं रान होतं. कुंपणाशी उभ्या असलेल्या एका वयस्कर मेकॅनिकने मला सांगितलं होतं, "याला इंजिन नाही बाळा. उतरताना चुकलं तर पुन्हा वर जायची सोय नाही." तेव्हा ते ऐकून अंगावर काटा आला होता. ज्या विमानाला इंजिन आहे, ज्याला ती सोय आहे, त्यातल्या मुलाला ती वापरायची लाज वाटावी, हे मला अजूनही सहन होत नाही.

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असं समजू नका. व्यावसायिक परवान्याला दोनशे तास लागतात. विमानं मोजकी, मुलं भरपूर. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ढग खाली उतरलेले असतात, हिवाळ्यात सकाळी धुकं, उन्हाळ्यात दुपारी उडणं अवघड. मुलं महिनोन्‌महिने आपल्या पाळीची वाट बघत बसतात, घरी हप्ते चालू झालेले असतात, पालक फोनवर फोन करतात. सुटे भाग वेळेवर येत नाहीत. अशात एक विमान हँगरमध्ये गेलं की पाच मुलांचा दिवस जातो आणि संस्थेची त्या दिवसाची कमाई. हे सगळं खरं आहे.

पण हिशेब पुरा मांडा. हार्ड लँडिंगनंतर काय काय तपासायचं ते देखभालीच्या पुस्तकात छापलेलं असतं. काउलिंग काढायचं, फायरवॉल बघायची, पायाचे कंस, इंजिन माउंट, चाकं, पंखाच्या मुळाशी रिव्हेट. काही निघालं नाही तर अर्ध्या दिवसाच्या आत विमान पुन्हा बाहेर. मंगळवारी संध्याकाळी आम्हाला कुणी एक शब्द सांगितला असता तर भेग सापडली असती, कंस बदलला असता, आठवड्याभरात विमान उडलं असतं. त्याऐवजी काय झालं? चालत्या इंजिनाचा पंखा जमिनीवर आपटला की निर्माता इंजिन पूर्ण उघडून तपासायला सांगतो, कारण तो झटका आतल्या क्रँकशाफ्टपर्यंत आणि गियरपर्यंत जातो. इंजिन गेलं, पंखा गेला, पुढचा सगळा सांगाडा गेला. ते विमान कित्येक महिने हँगरच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभं होतं. पाच सॉर्टी वाचवायच्या नादात कितीशे सॉर्टी गेल्या ते तुम्हीच मोजा. आणि तोच कंस टेकऑफच्या धावेत तुटला असता तर, यावर मी विचार करायचं टाळतो.

यात माझाही वाटा आहे. बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी त्या विमानाच्या दैनंदिन तपासणीखाली माझी सही आहे. दैनंदिन तपासणीत खालचं काउलिंग निघत नाही, त्यामुळे नियमाने मी चुकलो नाही. पण पुढच्या पायाची ओलिओ, म्हणजे गॅस आणि तेल भरलेली धक्का झेलणारी नळी, नेहमीपेक्षा दोन बोटं खाली बसली होती, ते मी बुधवारी पाहिलं होतं. गॅस कमी झाला असेल म्हणून भरून घेतला. का कमी झाला, असं कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तो मुलगा बुधवारीच बोलला असता. माझ्या मनातून हे कधी जात नाही, आणि या पत्राची खरी सुरुवात तिथेच आहे.

आपल्या भाषेत एक म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती संसारात चालत असेल, हँगरमध्ये चालत नाही. आपल्याकडे माणसं दुखणं अंगावर काढतात आणि त्याचं कौतुकही होतं. विमानाला दुखणं अंगावर काढता येत नाही. ते दुसऱ्याच्या अंगावर काढलं जातं, पुढच्या सॉर्टीला जो बसेल त्याच्या.

जगात हे कळायलाही माणसं मरावी लागली. १९७४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान उतरण्याच्या तयारीत असताना डोंगरावर आदळलं. चौकशीत समोर आलं की काही आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच जागी, त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत सांगितलं होतं, पण ती गोष्ट इतरांपर्यंत पोचलीच नाही. त्यानंतर १९७६ मध्ये तिथे नाव गुप्त ठेवून चुका कळवण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि ती चालवायला दिली नासाकडे. शिक्षा करणाऱ्या खात्याकडे नाही. माणूस कुणाला घाबरून गप्प बसतो, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्याकडेही डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, स्वेच्छेने कळवायची सोय आहे. अपघातांच्या चौकशीसाठी २०१२ मध्ये वेगळा विभाग झाला, आणि चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोषी ठरवणं हा नाही, हे आंतरराष्ट्रीय नियमांत आणि आपल्याही नियमांत लिहिलेलं आहे. कागदावर सगळं आहे. मात्र मंगळवारी दुपारी अडीच वाजता घामाने भिजलेला मुलगा विमानातून उतरतो तेव्हा त्याच्यासमोर नियम उभा नसतो, तुम्ही उभे असता. त्या दोन मिनिटांत तुम्ही जे बोलता तीच त्याच्यासाठी भारतातली विमान सुरक्षा.

२०२५ पासून डीजीसीएने प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. चांगलं पाऊल आहे. पण श्रेणी घसरेल या धास्तीने टेक लॉगमधलं "निल" वाढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिकाऊ विमानाच्या टेक लॉगमध्ये महिनोन्‌महिने एकही हार्ड लँडिंग नसेल तर मला त्या संस्थेची काळजी वाटते. मुलं शिकत आहेत. विमान उसळणारच. ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे गुडघे खरचटतातच.

तुमच्याकडून मला काय हवं आहे ते साध्या शब्दांत सांगतो. मुलाने जोरात बसलेलं लँडिंग स्वतःहून सांगितलं तर त्याचा एकही तास थांबवू नका आणि त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. विमान मात्र तिथल्या तिथे थांबवा, काउलिंग काढू द्या. "हे हार्ड होतं की नुसतं जरा जोरात?" हा वाद धावपट्टीच्या कडेला घालू नका, ते आमचा टॉर्च ठरवेल. आणि कुणी गो-अराउंड केलं तर ब्रीफिंगला "का केलं?" असं विचारू नका. नुसतं "बरं केलंस" म्हणा. कारण असेल ते तो आपणहून सांगेल.

देखभाल अभियंत्यांना डिस्पॅचच्या, म्हणजे उड्डाणांचं वेळापत्रक चालवणाऱ्यांच्या, हाताखाली ठेवू नका, हेही सांगायला हवं. विमान सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या माणसाच्या कानाशी दर दहा मिनिटांनी "झालं का?" असं कुणी विचारत असेल तर त्याची सही मोकळ्या हाताची राहत नाही. खंडेनवमीला आपण पाने-पकडींना हळदकुंकू वाहतो, विमानाच्या चाकाला झेंडूची माळ घालतो. मी ते श्रद्धेने केलं आहे आणि पुढेही करेन. पण वर्षातल्या बाकीच्या दिवशी त्या पान्याचा शब्द शेवटचा असू द्या.

पालकही हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. पुण्यातल्या क्लासमध्ये डीजीसीएच्या पेपरांची तयारी करून तुमची मुलं या मैदानांवर जातात. संस्था निवडताना तुम्ही विचारता, तास किती महिन्यांत पूर्ण होतील? यापुढे हेही विचारा की मागच्या वर्षी तुमच्याकडे किती हार्ड लँडिंग नोंदवली गेली आणि त्यानंतर विमान किती वेळ थांबवलं. उत्तर देताना समोरचा माणूस सहज बोलतो की चपापतो, एवढं बघा. आणि मुलाचा फोन आला की "आज किती तास झाले?" असं विचारू नका. तो आकडा त्याच्या डोक्यावर आधीच बसलेला असतो.

त्या मुलीला मी सातव्या दिवशी रात्री फोन केला. तुझं काही चुकलं नव्हतं, हे सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वडिलांना सांगाल का? त्यांना माझं पटत नाही." मी त्यांनाही सांगितलं. तिने पुढे तास पूर्ण केले, आज ती एका विमानकंपनीत उजव्या सीटवर, म्हणजे सहवैमानिकाच्या जागी, बसते. त्या मुलानेही परवाना मिळवला. पहिलं सोलो गेलेलं प्रत्येक पोर त्याच्याकडून दोन गोष्टी ऐकतं, कारण तो आता प्रशिक्षक आहे. दोन्ही गोष्टी त्याच मंगळवारच्या आहेत : पहिल्या उसळीला गो-अराउंड केलं नाही ती, आणि लँडिंग लिहिलं नाही ती. तो त्या नाव न लपवता सांगतो.

तुम्हीही तसंच करा. येत्या सोमवारी सकाळच्या ब्रीफिंगला, हवामान आणि सॉर्टींची यादी वाचण्याआधी, तुमचं स्वतःचं एक वाईट लँडिंग मुलांना सांगा. तारखेसकट, विमानाचं काय झालं त्यासकट. हजारो तास झालेल्या तुमच्यापैकी एकाकडेही असं लँडिंग नसेल, यावर माझा विश्वास नाही.

आणि कुणाला हवं असेल तर मी येईन. मानधन नको, जाण्यायेण्याचा खर्चही नको. एक विमान, एक टॉर्च आणि अर्धा दिवस द्या. फायरवॉलवरची सुरकुती बोटाला कशी लागते, ओलिओ दोन बोटं खाली बसली तर काय विचारायचं आणि कुणाला, हे मी प्रत्येक मुलाला त्याचा हात धरून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
विश्रांतवाडी, पुणे